कलिंगड : उन्हाळ्यातील आहार व आरोग्य

कलिंगड : (सिट्रुलस लॅनेटस, कुल–कुकुर्बिटेसी). काकडी, दोडका व भोपळा यांच्या कुलातील, जमिनीवर पसरणारी वर्षायू वेल आणि तिचे रसाळ फळ. विदर्भ व मराठवाड्यात याला टरबूज म्हणतात. या वनस्पतीचे मूळ ईशान्य आफ्रिकेत असून सुदानमधील कोर्दोफान भागातील वाण आजच्या गोड कलिंगडाला सर्वांत जवळचा असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आढळले. ईजिप्तमधील तुतनखामेनच्या थडग्यातही कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत. उन्हाळ्यात हे फळ महाराष्ट्रभर खाल्ले जाते. त्याच्या गुणांची व मर्यादांची पुढील मांडणी पुण्यातील बिबवेवाडी परिसर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

हंगाम व बाजार : बिबवेवाडी हे पुण्याच्या दक्षिण भागातील दाट वस्तीचे उपनगर. त्याच्या उत्तरेला गुलटेकडीचे श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड, म्हणजे पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचे मुख्य आवार आहे. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा व पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांतून येथे कलिंगडाची आवक होते. पूर्वी हे पीक मुख्यतः नदीच्या वाळवंटात आणि कोकणात भातकापणीनंतरच्या ओलीवर घेतले जाई. आता ठिबक सिंचन व प्लॅस्टिकच्या आच्छादनामुळे ते वर्षातून अनेक वेळा निघते. तरी डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या वेलींची फळे ७० ते ९० दिवसांत तयार होतात आणि आवकेचा जोर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत राहतो. लहान आकाराचा, गडद हिरव्या सालीचा शुगर बेबी, बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का माणिक आणि खासगी कंपन्यांचे अनेक संकरित वाण प्रचलित आहेत. रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी आला की इफ्तारसाठी मागणी आणखी वाढते. मार्केट यार्ड जवळ असल्याने हातगाडीवरचे फळ बिबवेवाडीकरांच्या घरी लवकर पोहोचते. ते खाणाऱ्यांत आवारात ओझी वाहणारे हमाल, दुपारभर उन्हात फिरणारे फेरीवाले, तसेच सावलीत बसून काम करणारे नोकरदार आणि वृद्ध असे सारेच आहेत. फळ एकच असले, तरी या सर्वांच्या शरीराची गरज एकच नाही.

घटक : खाण्याजोग्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९१ ग्रॅम पाणी, ७·५ ग्रॅम कर्बोदके (त्यांपैकी सुमारे ६ ग्रॅम शर्करा), ०·६ ग्रॅम प्रथिने व ०·४ ग्रॅम तंतू असतात. त्यापासून सुमारे ३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पोटॅशियम ११२ मिग्रॅ., मॅग्नेशियम १० मिग्रॅ. आणि क जीवनसत्त्व ८ मिग्रॅ. असते, सोडियम मात्र जेमतेम १ मिग्रॅ. इतकेच. अर्धा किलो गर खाल्ला तर साडेचारशे मिलिलिटरहून अधिक पाणी, सुमारे ५६० मिग्रॅ. पोटॅशियम आणि ४० मिग्रॅ. क जीवनसत्त्व मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी क जीवनसत्त्वाची शिफारस रोज ८० मिग्रॅ. इतकी केली आहे. म्हणजे त्या दिवसाची निम्मी गरज भागते.

उन्हाळा व शरीरातील पाणी : पुण्यात एप्रिल–मे महिन्यांत तापमान वारंवार ३८ ते ४० अंश से. पर्यंत चढते, २८ एप्रिल २०१९ रोजी ते ४३ अंशांवर गेले होते. अशा हवेत शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते आणि गेलेले पाणी भरून निघाले नाही, तर थकवा, डोकेदुखी, चक्कर व लघवी कमी होणे ही लक्षणे दिसतात. ज्यांना तहान लागत नाही किंवा नुसते पाणी प्यावेसे वाटत नाही, अशा वृद्धांना आणि लहान मुलांना कलिंगडाच्या फोडींतून पाणी सहज देता येते. उन्हाळ्यातला या फळाचा सर्वांत मोठा व निर्विवाद गुण हाच आहे.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. कडक उन्हात जड काम करणाऱ्या माणसाला तासाभरात एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो आणि त्यातून साधारणपणे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम बाहेर पडते. अर्धा किलो कलिंगडातून परत मिळते ते ५ मिग्रॅ. म्हणून मार्केट यार्डातील हमालाने वा बांधकामावरच्या मजुराने केवळ कलिंगडावर विसंबू नये. फोडींवर चिमूटभर मीठ घालण्याची जुनी रीत योग्य असली, तरी त्यातून शंभरभर मिलिग्रॅमच सोडियम मिळते. सोबत मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत आणि भाजी–भाकरीचे जेवण हवे. जुलाब–उलट्यांनी पाणी कमी झाले असल्यास जलसंजीवनीच द्यावी; कलिंगडाचा रस हा तिला पर्याय नाही. ऊन लागून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी रुग्णाला काहीही खाऊ–पिऊ घालू नये. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लायकोपीन व सिट्रुलीन : गराचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्यामुळे येतो. १०० ग्रॅम लाल गरात ते सुमारे ४·५ मिग्रॅ. म्हणजे कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक असते आणि न शिजवताही शरीरात शोषले जाते. पिवळ्या गराच्या वाणांत ते जवळजवळ नसते. अस्थिर ऑक्सिजन कणांमुळे पेशींची होणारी हानी लायकोपीन रोखते, असे प्रयोगशाळेत दिसते. पण कलिंगड खाल्ल्याने कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही.

सिट्रुलीन हे ॲमिनो अम्ल जपानी संशोधकांनी १९१४ मध्ये कलिंगडाच्या रसातूनच प्रथम वेगळे केले. मूत्रपिंडात त्याचे आर्जिनीन बनते, आर्जिनिनापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते व त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. लहान चाचण्यांत रक्तदाब थोडा उतरल्याचे आढळले आहे. मात्र त्यांतील अनेकांत कलिंगडाचा संहत अर्क दिला गेला होता. रक्तदाबाची गोळी कलिंगडाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे.

पथ्य : कलिंगडाचा ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचे माप) ७० च्या वर असला, तरी शंभर–दीडशे ग्रॅम फोडींत एकूण शर्करा थोडीच असते. मधुमेहींनी एवढे प्रमाण पाळून ते खावे. रस टाळावा, कारण एका पेल्यात अनेक फोडींची साखर उतरते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवरील रुग्णांनी, पोटॅशियम व पाणी या दोन्ही कारणांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये. गरात फ्रुक्टोज बरेच असल्याने काहींचे पोट फुगते किंवा जुलाब होतात. भावप्रकाशात ‘कालिंद’ या नावाने याचे वर्णन असून तेथेही ते पचायला जड सांगितले आहे. तंतू फार कमी असल्याने बद्धकोष्ठावर ते मोठे औषध ठरत नाही.

निवड व स्वच्छता : वेलीवरून तोडल्यावर कलिंगडाची गोडी वाढत नाही, म्हणून पक्व फळच निवडावे लागते. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरा नसून पिवळसर असावा, फळ आकाराच्या मानाने जड असावे आणि बोटाने टिचकी मारल्यावर भरीव, बदबद आवाज यावा. मधोमध पडलेली पोकळी ही बहुधा अपुऱ्या परागणाने आलेली नैसर्गिक उणीव असते. केवळ तिच्यावरून रसायनाची शंका घेऊ नये. रंग मिसळल्याचा संशय असल्यास पांढरा कापूस गरावर घासून पाहावा. तो गडद लाल झाला, तर फळ खाऊ नये.

त्याहून अधिक काळजी घ्यावी ती कापलेल्या फळाची. सालीवरची माती व जंतू सुरीबरोबर गरात जातात आणि पाणी व साखर मिळताच झपाट्याने वाढतात. फळ आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, सुरी व पाट स्वच्छ असावेत. कापलेले फळ लगेच संपवावे किंवा झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. कडक उन्हात तासाभराहून अधिक वेळ उघडी राहिलेली फोड खाऊ नये. अख्खे फळ मात्र घरात थंड, सावलीच्या जागी चांगले टिकते आणि त्यातील लायकोपीनही कमी होत नाही.

साल व बिया : सालीखालच्या पांढऱ्या भागातही सिट्रुलीन असते. हिरवी साल काढून त्याची भाजी, कोशिंबीर, थालीपीठ किंवा घावन करतात. वाळवून सोललेल्या बिया मगज म्हणून थंडाईत व मिठाईत वापरतात; १०० ग्रॅम बियांत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने व ४७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात.

उन्हाळ्यात पाणी, थोडी ऊर्जा, पोटॅशियम आणि लायकोपीन एकत्र देणारे इतके स्वस्त फळ दुसरे क्वचितच मिळते. आपल्या प्रकृतीच्या मापाने, घरी धुऊन ताजे कापलेले आणि मीठ–पाणी व जेवण यांच्या जोडीला घेतलेले कलिंगड हा पुण्याच्या उन्हाळ्यासाठी उत्तम आहार आहे. तो औषध मात्र नाही.