मोटारीचं बिऱ्हाड

गावात पहिली मोटार कधी आली हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती पोसली कशी, हे कुणी सांगत नाही. बैल घ्यायचा तर वैरण, पेंड, पत्री आणि वेसण आलीच, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मोटारीचंही तसंच. ती एकटी येत नाही, मागं आपलं बिऱ्हाड घेऊन येते. त्या बिऱ्हाडाचा हा इतिहास, मला दिसला आणि उमगला तेवढा.

माझ्या आज्याच्या काळात मोटार म्हणजे परमुलखातली चीज. परदेशी कंपन्या सुटे भाग पेट्यांतून बोटीनं आणायच्या आणि मुंबईत जोडायच्या. जनरल मोटर्सनं 1928 साली शिवडीला असं काम सुरू केलं. आमच्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडं जुनी शेवरोलेट होती, ती तिथलीच. स्वातंत्र्यानंतर देशाला परकीय चलन जपून खर्चायची पाळी आली. 1953 साली सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथंच बनवायची तयारी असेल त्यानं राहावं. पुढच्याच वर्षी शिवडीचं काम बंद पडलं. डॉक्टरांच्या गाडीचे भाग मिळेनात. मी पाहिली तेव्हा ती चार विटांवर उभी होती आणि आत कोंबड्या अंडी घालत होत्या. धोरण दिल्लीत बदललं, गाडी तालुक्यात बसली.

मग राहिल्या मुख्यतः तीनच मोटारी. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, बंगालातली अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. नवी पाहिजे तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून खेड्यात जी मोटार यायची ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची. शहर वापरून थकलं की गाडी आमच्याकडं यायची.

आमच्या घरी थोरल्या चुलत्यांनी 1986 साली अशी एक फियाट आणली. ऊस बरा गेला होता. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, इंजिन 1089 सीसीचं. थंडीत चोक ओढूनही चालू व्हायची नाही, मग चौघांनी ढकलायची. पावसाळ्यात पाणंदीत रुतली की बैल जुंपून काढायची. चुलते म्हणायचे, "पेट्रोल मोटार पित्या, पर वडायला बैलच लागत्यात!"

खर्चाचं कोष्टक मी वहीत मांडायचो, म्हणून ध्यानात आहे. पेट्रोल हा त्यातला दिसणारा खर्च. न दिसणारे जास्त. पॉइंट साफ करणं, कार्बोरेटर धुणं, ग्रीस भरणं, रेडिएटरला डाग देणं, घासलेल्या टायरला नवा थर चढवून आणणं. इंजिन ऑइल खायला लागलं तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेलं. तिथले कारागीर विहिरीवरच्या ऑइल इंजिनांवर हात बसवलेले. त्यांनी बोअर करून पिस्टन बसवले. गाडी इथंच बनत असल्याचा फायदा तिथं कळला. शेवरोलेट ज्यानं मेली, त्या दुखण्यातनं फियाट उठली.

मारुती 1983 च्या डिसेंबरात आली. पहिल्यांदा तिचे बरेच भाग जपानहून यायचे. पुढं येन महाग होत गेला तसा तो माल परवडेना, आणि भाग इथंच बनवायची घाई झाली. सुटे भाग आणून इथं जोडले तर जकात कमी, अख्खी गाडी आणली तर फार जड. अलीकडं कित्येक वर्षं चाळीस हजार डॉलरांवरच्या आयात मोटारीला किमतीइतकीच जकात होती. म्हणजे एक गाडी घ्यायची आणि दोन गाड्यांचे पैसे मोजायचे.

आता विम्याचं सांगतो. आमच्याकडं तो 'पोलीस धरतोय म्हणून काढायचा कागद' होता. 1939 च्या मोटार कायद्यातली सक्तीच्या विम्याची कलमं 1946 पासून लागू झाली. 1973 च्या सुरुवातीला शंभरावर विमा कंपन्या सरकारी झाल्या आणि त्यांच्या चार कंपन्या केल्या. चौघींचा दर एकच. त्यामुळं कमीत कमी पैशातला, कायद्यापुरता 'थर्ड पार्टी' विमा काढायचा, अशी रीत पडली. थर्ड पार्टी म्हणजे कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ते आम्हाला नव्वदीच्या दशकात कळलं. गावातल्या एकानं कर्ज काढून जीप घेतली आणि वडाप सुरू केलं. एस.टी. वेळेवर नसायची, लोकांची सोय झाली. कागदावर गाडी खासगी, विमा कायद्यापुरता. एका बाजाराच्या दिवशी कालव्याच्या वळणावर जीप उलटली. भाजी विकून परतणारी एक बाई गेली. मागं नवरा आणि तीन पोरं.

1982 च्या दुरुस्तीनं, चूक कुणाची हे न बघता मृत्यूला 15,000 रुपये द्यायचे असं ठरलं होतं. 1994 ला ते 50,000 झाले. त्याहून जास्त पाहिजे तर न्यायाधिकरणापुढं दावा लावायचा. दावा लागला. विमा कंपनीचं म्हणणं दोन ओळींचं होतं: खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली, आणि हा विमा रस्त्यावरच्या माणसाचा आहे, गाडीत बसलेल्याचा नाही. निकाल मालकावर गेला. त्याच्याकडं द्यायला जमिनीशिवाय काही नव्हतं. कालव्याखालचं दीड एकर विकलं, त्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. बाईच्या नवऱ्याला पैसे मिळाले, पण तुकड्यातुकड्यानं, सहा वर्षांत. तोवर थोरल्या पोरीची शाळा सुटली होती. दोन घरं बसली. सगळ्यांचा विमा उतरवायला लागणारा फरक वर्षाला किती होता, ते मी नंतर मुद्दाम विचारलं. एका पोत्याच्या गव्हाइतकासुद्धा नव्हता.

1 सप्टेंबर 2018 पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. पोरं कुरकुरली. मला बरं वाटलं. निदान तेवढी वर्षं रस्त्यावरच्या माणसाचं नाव कागदातून निसटणार नाही.

आता आमच्या आळीत बारा मोटारी आहेत. नवी आली की हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, मला नारळ फोडायला बोलावतात. मी नारळ फोडतो आणि म्हणतो, "कागुद आन बगू." त्यात आत बसणाऱ्यांचा विमा आहे का, तेवढं बघतो. मग पेढा खातो.