पहिल्या वस्तादापर्यंतचा रस्ता : ‘पोकेमॉन’ आणि त्याचे पाठभेद

‘रॉम’ या तांत्रिक संज्ञेचा अर्थ ‘केवळ वाचता येण्याजोगी स्मृती’ असा आहे. खेळण्याच्या छोट्या यंत्रात जी कॅसेट बसवली जाई (आपल्याकडे मुले तिला कॅसेटच म्हणत), तिच्यातील खेळ अशा स्मृतीत कायमचा कोरलेला असे. त्याने तो वाचावा, म्हणजे खेळावा. त्यावर लिहिण्याची सोय त्याच्यासाठी ठेवलेली नव्हती. तरीही गेल्या दोन-अडीच दशकांत जगभरच्या हौशी मंडळींनी या ‘केवळ वाचनीय’ संहितांवर जेवढे लेखन केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या बंदिस्त संहितेवर झाले असेल. या लेखनाला ‘रॉम हॅक’ असे काहीसे गुन्हेगारी नाव पडले आहे. आमच्या मते हा पाठभेदांचा इतिहास आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्याकडे निदान एकदा तरी पाहावे. संपूर्ण इतिहास एका लेखात मावणारा नाही. म्हणून आम्ही एकच छोटा तुकडा निवडला आहे : ‘पोकेमॉन’ या खेळाच्या आरंभापासून पहिल्या प्रतिस्पर्ध्यापर्यंतचा रस्ता.

मूळ खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात वाढले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. १९८३ साली त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे हौशी नियतकालिक काढले आणि पुढे त्याच नावाची कंपनी स्थापन केली. म्हणजे ही सारी परंपराच एका अनियतकालिकातून उगवलेली आहे, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. खेळातील मुलगा रानावनांतून विचित्र प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि गावोगावच्या ‘जिम लीडर’शी त्यांची झुंज लावतो. ‘जिम लीडर’ला आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणजे तालमीचा वस्ताद. तो झुंजतो, पण मुळात तो परीक्षक असतो; हरला की हसतमुखाने बिल्ला देतो आणि पुढची वाट दाखवतो.

पहिला वस्ताद जपानीत ताकेशी आणि इंग्रजीत ब्रॉक. त्याच्यापर्यंतचा रस्ता लहान आहे. नायकाच्या गावाचे जपानी नाव ‘मासारा’, अर्थात कोरे, न वापरलेले. वस्तादाच्या गावाचे नाव ‘निबी’, अर्थात करडा, काळसर रंग. कोऱ्यापासून करड्यापर्यंत. वाटेत एक मोठे गाव, तिथल्या दुकानातून प्राध्यापकांचे पुडके आणून देण्याचे एक किरकोळ काम, मग एक अरण्य. अरण्यात सुरवंट, कोष आणि जाळी घेऊन फिरणारी मुले. माचिदातील हरवलेले बालपण ताजिरींनी येथे जतन केले आहे, हे कळण्यास चरित्रात्मक समीक्षेची फार मोठी आवश्यकता नाही.

पण हा तुकडा निव्वळ स्मरणरंजन नाही. तो एक पाठ आहे, शाळेत असतो तसा. आरंभी तीन प्राण्यांतून एक निवडायचा असतो : गवताचा, पाण्याचा किंवा आगीचा. ताकेशीचे दोन्ही प्राणी, १२व्या पातळीचा जिओड्यूड आणि १४व्या पातळीचा ओनिक्स, दगडाचे आहेत. गवत किंवा पाणी निवडणाऱ्याला ते जड जात नाहीत. आग निवडणाऱ्याला मात्र येथे पहिल्यांदा समजते की तीन समान भासणारे पर्याय समान नव्हते. खेळ हे कुठेही सांगत नाही, हरवून शिकवतो. शिवाय मास्तर वाटतो तितका कठोर नाही. १९९६च्या संहितेत या दगडी प्राण्यांना दगडाचा एकही डाव दिलेला नाही. ओनिक्स डोंगराएवढा दिसतो आणि साधी धडक मारतो. पहिल्या परीक्षेत परीक्षकाने एक हात पाठीमागे बांधून ठेवला आहे. (याच तालमीतला एक पोरगा ‘प्रकाशवर्ष’ हे कालमापन समजून बढाई मारतो आणि हरल्यावर ते अंतर असल्याची कबुली देतो. असला प्रामाणिकपणा आमच्या क्षेत्रात दुर्मीळ आहे.)

आता पाठभेदांकडे वळू. पहिला प्रक्षेप घरातलाच होता. खेळाच्या चाचण्या आटोपल्यावर, त्रुटी शोधण्यासाठी लावलेली साधने काढून टाकली तेव्हा कॅसेटमध्ये सुमारे ३०० बाइट जागा रिकामी झाली. प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांनी तीत ‘म्यू’ हा १५१वा प्राणी गुपचूप बसवून दिला. अंतिम संहितेला हात लावू नये, या नियमाचा भंग ग्रंथकर्त्याच्या घरातच झाला, आणि वाचक पुढे त्या भंगावरच सर्वाधिक भाळले.

दुसरा पाठभेद भाषांतराचा. अरण्याच्या अलीकडच्या गावात एक म्हातारा रस्त्यात आडवा पडलेला असतो. जपानी संहितेत तो प्यालेला आहे. १९९८च्या इंग्रजी आवृत्तीत त्याला सकाळची कॉफी मिळालेली नसते. नकाशा तोच, अडथळा तोच, फक्त पेला बदलला. भाषांतराची याहून गमतीची साखळी पुढे ‘व्हिएतनामी क्रिस्टल’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या बनावट आवृत्तीत दिसते. ती व्हिएतनाममध्ये विकत घेतली गेली म्हणून तिला हे नाव मिळाले. जपानीवरून चिनी आणि चिनीवरून इंग्रजी अशा प्रवासात ‘पोकेमॉन’चे रूपांतर तिथे ‘एल्फ’मध्ये, म्हणजे परीकथेतल्या वनबुटक्यात, झाले आहे. मूळ चिनी शब्दाचा तो एक अर्थ होतो, एवढाच त्याला आधार. भाषांतरविद्येच्या वर्गात ही संहिता लावावी, असे आम्ही गंभीरपणे म्हणतो.

तिसरा पाठभेद सर्वांत महत्त्वाचा आणि तोही अधिकृत आहे. १९९७ साली या खेळावरून दूरचित्रमालिका सुरू झाली. तिच्या नायकाचा सोबती पिकाचू, म्हणजे विजेचा प्राणी. मालिकेच्या लोकप्रियतेमुळे सप्टेंबर १९९८मध्ये जपानात ‘पिवळी’ आवृत्ती निघाली आणि तीत तीन प्राण्यांची निवड काढून घेऊन खेळाडूच्या हाती सक्तीने पिकाचू देण्यात आला. पण ताकेशीच्या प्राण्यांवर विजेचा काडीइतकाही परिणाम होत नाही. म्हणजे आरंभ बदलल्याबरोबर पहिली परीक्षाच मोडली. मालिकेला ही अडचण गोष्टीत सोडवता आली : आगशमनाचे फवारे सुरू होतात, दगडी प्राणी भिजतो. खेळाला तशी मुभा नसते. त्याला आकडे बदलावे लागतात. म्हणून पिवळ्या आवृत्तीत ताकेशीचे प्राणी दोन-दोन पातळ्यांनी खाली आणले गेले (१०वी आणि १२वी). गावाच्या पश्चिमेच्या वाटेवर मँकी हे लढाऊ माकड आणून सोडले. निडोरान या प्राण्याला दुहेरी लाथेचा डाव पूर्वी ४३व्या पातळीला येत असे, तो १२व्या पातळीला येऊ लागला. दगडाला लाथ लागते. वाचकाच्या लक्षात न येणाऱ्या जागी केलेल्या या तीन दुरुस्त्या आहेत आणि त्यांमागे एक संपूर्ण काव्यशास्त्र आहे : आरंभ बदलला की मधली वाट पुन्हा लिहावी लागते, पण वस्तादाला त्याच्या जागेवरून हलवायचे नाही.

२००४च्या ‘फायररेड’मध्ये हेच पुन्हा घडले. पातळ्या १२ आणि १४वर परतल्या. ओनिक्सच्या हाती अखेर एक दगडाचा डाव आला. उलट आगीच्या प्राण्याला १३व्या पातळीला धातूच्या नख्यांचा डाव मिळतो, म्हणजे १४व्या पातळीच्या ओनिक्ससमोर उभे राहण्याच्या अगदी जरा आधी. तेव्हा हौशी हॅककर्त्यांनी ‘मूळ’ संहिता भ्रष्ट केली असे म्हणणाऱ्याने आधी सांगावे, की कोणती मूळ? आठ वर्षांत स्वामित्व असणाऱ्यांनीच हा रस्ता तीनदा लिहिला होता.

हौशी दुरुस्तीची रीत मराठी वाचकाला विशेष परिचित वाटेल. कायद्याच्या भीतीने हे लेखक बदललेला खेळ वाटत नाहीत. फक्त ‘पॅच’ वाटतात. ‘आयपीएस’ या जुन्या पॅचपद्धतीत अमुक ठिकाणी इतके बाइट काढून त्यांच्या जागी हे घालावेत, अशा नोंदींखेरीज काही नसते. हे तंतोतंत आपल्या जुन्या पुस्तकांच्या अखेरीस जोडलेले शुद्धिपत्र झाले : पृष्ठ अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध हे. मूळ ग्रंथ ज्याचा त्याने मिळवावा. ही पद्धत १६ मेगाबाइटपलीकडचे ठिकाण दाखवू शकत नाही, आणि ‘फायररेड’ची संहिता बरोबर तेवढीच आहे. असे शुद्धिपत्र कधी दहा ओळींचे असते, तर कधी मूळ ग्रंथाएवढे फुगते. २००४ साली प्रथम प्रकट झालेल्या ‘पोकेमॉन ब्राऊन’ने ‘लाल’ आवृत्तीवर रिजोन नावाचा स्वतंत्र प्रदेश उभारला. तिथे ना मासारा आहे, ना निबी. शुद्धिपत्रातून नवी कादंबरी निघाली. पुढे नकाशे हाताळण्याची ‘ॲडव्हान्समॅप’सारखी साधने आली, आणि २०१०नंतरच्या दशकात स्वयंसेवकांनी जुन्या खेळांची संहिता उलट दिशेने उलगडून माणसाला वाचता येईल अशी करून ठेवली. चिकित्सक आवृत्तीच्या संपादनाला लागते तीच चिकाटी यामागे आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध करून पुढच्यांनी तीत स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजावले होते. येथे उलगडणाऱ्यांनी प्रत शुद्ध केली आणि ओव्या घालणाऱ्यांची सोय झाली.

या साऱ्यांतून एक स्वतंत्र शाखा फुटली, ती अवघड पाठांची. तिचे नाव ‘काइझो’. हा जपानी शब्द. अर्थ फक्त ‘फेरबदल’. २००७च्या सुमारास ‘मारिओ’च्या एका अतिकठीण हौशी फेरफारामुळे हा शब्द इंग्रजीत गेला आणि तिथे त्याचा अर्थ ‘छळ’ असा झाला. ‘ब्लू काइझो’, ‘एमराल्ड काइझो’ आणि अलीकडचा, ‘फायररेड’वर बेतलेला ‘रॅडिकल रेड’ या परंपरेतले. ‘रॅडिकल रेड’मध्ये नंतरच्या काळातले प्राणी आणि नियम जुन्या रस्त्यावर आणून सोडलेले आहेत. खेळाडूने रानात तासन्‌तास घोटून आपले प्राणी वस्तादापेक्षा मोठे करू नयेत, म्हणून पातळीलाच मर्यादा घातली आहे. रस्ता तोच, अरण्य तेच, म्हातारा तोच. पण निबीत उभा असलेला माणूस आता हात मोकळे सोडून उभा आहे.

हा पाठ कोणासाठी आहे? मूळ रस्ता ज्याला काहीच ठाऊक नाही अशा मुलासाठी होता. अवघड पाठ ज्याला मूळ मुखोद्गत आहे अशा प्रौढासाठी आहे. तो आरंभापासून आरंभच करत नाही. अरण्यातून बाहेर पडताना ‘येथे दगड येणार’ हे खेळाडूला माहीत असते, हे लेखकाला माहीत असते, आणि त्या परस्पर जाणिवेतच सारा रस असतो. कीर्तनाला आलेल्या श्रोत्याला आख्यान ठाऊक नसेल तर बुवांची निम्मी करामत वाया जाते, तसेच हे. आमची तक्रार मात्र आहे. या शाखेच्या पुष्कळशा पाठांत अरण्य नाहीसे झाले आहे. ते दिसते, पण त्यात भटकण्याचे कारण उरलेले नसते. सुरवंट हा आता सुरवंट नसून गणितातील एक पद असते. किडे गोळा करणाऱ्या मुलाचा खेळ हिशेबनीसाच्या हाती गेला.

याच्या उलट उदाहरण एका खेळाडूचे. २०१० साली एका अमेरिकन तरुणाने ‘रुबी’ हा खेळ स्वतःच घातलेल्या नियमांनी खेळून त्याची चित्रकथा काढली. प्रत्येक प्रदेशात भेटलेला पहिलाच प्राणी पकडायचा. झुंजीत जो पडला तो मेला. ‘नझलॉक’ नावाने ही रीत जगभर पसरली. यात संहितेचा एक बाइटही बदललेला नाही, फक्त वाचनाची रीत बदलली. पण पहिल्या वस्तादापाशी पोहोचताना बरोबर असलेल्या तीन-चार प्राण्यांतला कोणी परत येणार नाही ही शक्यता निर्माण झाली, की त्या कोवळ्या रस्त्याला अकस्मात शोकात्मिकेचे वजन येते. कित्येक मेगाबाइटच्या शुद्धिपत्रांना जे साधले नाही, ते दोन वाक्यांच्या व्रताने साधले, असे आमचे मत आहे.

जतनाचा प्रश्न उरतो, आणि तो थट्टेचा नाही. ‘ब्राऊन’चा उत्तरभाग ‘पोकेमॉन प्रिझम’ वर्षानुवर्षांच्या कामानंतर २५ डिसेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध व्हायचा होता. २१ डिसेंबरला निन्टेंडोच्या वतीने वकिलांचे पत्र आले आणि कर्त्याने हात आखडता घेतला. काही दिवसांतच कोणा अनामिकांनी ती प्रत बाहेर फोडली आणि पुढे इतरांनीच तिच्यातील चुका दुरुस्त करीत नेल्या. आज ‘प्रिझम’ खेळता येतो तो या चोरीमुळे. कर्त्याच्या अखेरच्या हाताची प्रत कोणती आणि कोणाच्या प्रक्षेपाची कोणती, हे आणखी पन्नास वर्षांनी ठरवू पाहणाऱ्या संपादकाची आम्हांला आत्ताच कीव येते. आपल्याकडे तर प्रश्न आणखी चमत्कारिक आहे. आमच्या वर्गातल्या ज्या मुलांनी ‘पोकेमॉन’ खेळला, त्यांपैकी बहुतेकांनी मूळ यंत्र पाहिलेलेही नाही. संगणकावर किंवा फोनवर कोणाकडून तरी आलेली प्रत त्यांनी खेळली. ती मूळ होती की फेरफार केलेली, हे कित्येकांना सांगता येत नाही. त्यांच्या लेखी तीच मूळ.

आणि या प्रतींपैकी असंख्य अपुऱ्या आहेत. नवे गाव, नवे प्राध्यापक, नवे अरण्य, दाराशी नवा वस्ताद. त्याने बिल्ला दिला की गावाच्या पलीकडच्या वाटेवर एक माणूस उभा असतो आणि पुढचा रस्ता अजून बांधलेला नाही असे सांगतो. कर्त्याची परीक्षा आली असेल, नोकरी लागली असेल, कंटाळा आला असेल. ती पुढची आवृत्ती आलेली नाही. माणूस अजून तिथेच उभा आहे.