पवनीच्या तीन टेकड्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता. इजिप्तचे पिरॅमिड झाले, रोमचे रस्ते झाले, मग मोहेंजोदडोचे स्नानगृह झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, आपल्या जिल्ह्यात काहीच नाही का?" वर्गात हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. प्रश्न साधा होता, पण दोष विचारणाऱ्याचा नव्हता, शिकवणाऱ्यांचा होता. ज्या भंडारा जिल्ह्यात आपण राहतो त्याच्या भूमीखाली काय दडले आहे हे आम्ही शिक्षकांनीच मुलांना कधी सांगितले नव्हते. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

भंडाऱ्याहून अड्याळमार्गे दक्षिणेला निघाले की वैनगंगेच्या काठी पवनी लागते. आज ते तालुक्याचे गाव आहे. बाजार, शाळा, एस.टी.चे स्थानक, देवळे, मशीद, नदीवरचे घाट असे सर्व काही इतर गावांसारखेच. देवळांच्या संख्येमुळे लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. येथील विणकरांचे रेशीमकाठी कापड एके काळी दूरवर जात असे. परंतु गावात शिरताना डाव्या-उजव्या बाजूला मातीचा जो उंच बांध दिसतो, तो पाटबंधाऱ्याचा नव्हे. तो एका प्राचीन नगराचा तट आहे. एका बाजूला नदी, उरलेल्या बाजूंना तट आणि त्याबाहेर खंदक अशी या नगराची रचना होती. पवन नावाच्या राजाने हे नगर वसविले अशी लोककथा आहे. लोककथेला पुरावा मागू नये, पण तटाला मागता येतो.

टेकड्यांच्या पोटात

पवनीच्या परिसरात तीन टेकड्या आहेत. एकीचे नाव जगन्नाथ टेकडी, दुसरीचे सुलेमान टेकडी, तिसरीचे हरदोलाला टेकडी. नावे लक्षपूर्वक ऐकावीत. जगन्नाथ हा पुरीचा देव. सुलेमान हे आपल्या पैगंबरांपैकी एकाचे पवित्र नाव. हरदोल लाला हा बुंदेलखंडातील लोकांचा ग्रामदेव, तिकडून आलेल्या मंडळींनी आपल्याबरोबर आणलेला. तीन टेकड्या आणि तीन परंपरांची तीन नावे. पण टेकड्यांच्या पोटात जे निघाले ते या तिन्हींहून जुने होते.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे पवनीला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले आणि त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. माती दूर होताच विटांचे प्रचंड बांधकाम उघडे पडले. ते बौद्ध स्तूप होते. जगन्नाथ टेकडीखालील स्तूपाचा व्यास सुमारे ४० मीटर भरला. सांचीच्या जगप्रसिद्ध महास्तूपाचा व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते. ज्या टेकडीवर गुराखी पोरे शेळ्या चारीत होती, तिच्याखाली सांचीपेक्षा रुंद स्तूप झोपलेला होता!

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याचे खांब आणि आडवे दगड तुटलेल्या स्थितीत मिळाले. त्यांवरील लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आहेत. एका खांबावर वृक्षाखाली एक आसन कोरले आहे आणि त्यावर पाच फण्यांच्या नागाने छत्र धरले आहे. हा मुचलिंद नाग. वादळात त्याने गौतम बुद्धावर फणा धरला अशी कथा आहे. कोणाला शंका राहू नये म्हणून कारागिराने नागाचे नावही शेजारी कोरले. पण आसनाकडे पाहावे, ते रिकामे आहे. त्या काळचे शिल्पकार बुद्धाची मानवी आकृती कोरीत नसत, रिकाम्या आसनाने त्याची जाणीव करून देत. मूर्तीवाचून आदर व्यक्त करण्याची ही रीत आपल्यासारख्या वाचकांना विचार करावयास लावील.

विसमितेचे दान

या दगडांवरील लेख राजांचे नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकेका माणसाने कठड्याचा एकेक दगड दिला आणि त्यावर आपले नाव कोरवून घेतले. एका दगडावर विसमिता नावाच्या स्त्रीचे दान नोंदलेले आहे. तिने त्यापुढे एक इच्छा लिहविली आहे, ती अशी की या दानाने सर्व प्राणिमात्रांना सुख लाभावे. तिने स्वतःसाठी काही मागितले नाही, पतीसाठी किंवा मुलांसाठीही नाही. तिची कोणतीच माहिती इतिहासाला नाही. एका ओळीपुरती ती दोन हजारांहून अधिक वर्षे जिवंत राहिली आहे.

आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात. माणूस जातो, पण त्याने खोदलेली विहीर, लावलेले झाड, उभारलेला मदरसा लोकांच्या उपयोगी पडत राहतो आणि त्याचे पुण्य त्याला पोचत राहते. आपल्या शिक्षण संस्थाही अशाच उभ्या राहिल्या. कोणी एक खोली दिली, कोणी चार बाके दिली, कोणा विधवेने बांगडी मोडून विटांचे पैसे दिले. भिंतीवरच्या दात्यांच्या पाट्या वाचताना मला आता विसमितेची आठवण होते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, काळ वेगळा, पण दान देणारा हात ओळखीचा आहे.

नदीकाठचा हमरस्ता

एवढे मोठे स्तूप येथेच का उभारले गेले? वैनगंगेचे सुपीक खोरे आणि नदी पार करण्याचा उतार यांमुळे हे व्यापाराचे ठिकाण झाले असावे. भिक्षू व्यापाऱ्यांच्या वाटेनेच जात आणि व्यापारी त्यांना दान देत. पवनी एकटी नव्हती. दक्षिणेस चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे सम्राट अशोकाच्या काळातील शिलालेख मिळाला. प्राण्यांना पकडणे व मारणे यास मनाई करणारी ती आज्ञा आहे. नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात अडम येथे श्री. अमरेंद्र नाथ यांनी १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन केले, तेथेही तटबंदीचे प्राचीन नगर निघाले. त्यांनीच पुढे १९९४ मध्ये पवनीलाही पुन्हा खोदकाम केले.

पवनीला बाहेरचे लोकही आले. येथील एका शिळेवर पादुका कोरल्या असून भार वंशातील भगदत्त नावाच्या राजाचा उल्लेख आहे. हा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाचून प्रसिद्ध केला. आणखी एक स्मारकस्तंभ महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा आहे. त्याला छायास्तंभ म्हणतात. तो आज नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहे. क्षत्रप हे शक कुळातले, त्यांचे पूर्वज मध्य आशियातून आले. रुपिअम्म हे नावच परके वाटते. त्या दूरदेशीच्या वंशातल्या पुरुषाची आठवण वैनगंगेच्या काठी दगडात राहिली. पुढे वाकाटक आले. राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पवनीलाच सापडला आहे.

याच्याही मागे जावयाचे तर जिल्ह्यातील तिलोता खैरी, पिंपळगाव, ब्राम्ही या गावांकडे जावे लागेल. तेथे महापाषाणयुगाचे, म्हणजे मोठमोठ्या शिळा उभारून मृतांचे स्मरण करणाऱ्या लोकांचे अवशेष आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथील शिळावर्तुळे पाहून एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी रिव्हेट-कारनॅक यांना आपल्या देशातील शिळावर्तुळे आठवली आणि त्यांनी दोन्हींचे साम्य लिहून ठेवले. डॉ. देव यांनी पुढे नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी शोधली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची आहे. माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे त्यांच्या अलंकारांसह निघाले. युरोपात केल्ट लोकांचे पूर्वज लोखंडाची शस्त्रे घडवीत होते, त्याच सुमारास आपल्या विदर्भातले लोहारही भाता ओढीत होते.

आणि अलीकडे यावयाचे तर तुमसरजवळचा आंबागड किल्ला पाहावा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने इस्लाम स्वीकारला होता आणि १७०२ मध्ये त्यानेच नागपूर वसविले. त्याच्या राजाखान पठाण या सरदाराने आंबागड बांधला. शिळा, स्तूप, क्षत्रप, वाकाटक, गोंड, पठाण, भोसले असे थरावर थर या मातीत आहेत. आपण सर्वांत वरच्या थरावर उभे आहोत, इतकेच.

"हे आपले आहे का?"

येथे कोणी म्हणेल, हे स्तूप बौद्धांचे, देवळे हिंदूंची, आपल्याला त्याचे काय? हा प्रश्न मी ऐकला आहे आणि तो मला बोचला आहे. कुर्आन शरीफमध्ये माणसाला पृथ्वीवर फिरून पूर्वी होऊन गेलेल्या लोकांचे काय झाले ते पाहण्यास वारंवार सांगितले आहे. अल्-बिरूनी हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि येथील शास्त्रांवर निष्पक्षपातीपणे ग्रंथ लिहून गेला. फार दूर जाण्याचे कारण नाही. सांचीचे संग्रहालय उभे राहिले ते भोपाळच्या नवाब सुलतानजहाँ बेगमच्या द्रव्यसाहाय्याने. अजिंठ्याची चित्रे नष्ट होऊ लागली तेव्हा हैदराबाद संस्थानाने १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणविले आणि संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी आयुष्याची वर्षे खर्चून त्या चित्रांवर चार खंड प्रसिद्ध केले. बुद्धाच्या चित्रांपुढे बसताना यझदानींनी "हे आपले आहे का?" असे विचारले असते, तर आज अजिंठ्याविषयी जगाला किती कमी ठाऊक असते!

पॅरिसचे उदाहरणही बोलके आहे. पॅरीसी नावाच्या केल्ट जमातीवरून त्या शहराला नाव मिळाले. रोमन लोकांनी तेथे ल्युटेशिया नगर वसविले. १८६९ मध्ये नवा रस्ता काढताना रोमन रंगमंडल सापडले. त्याचा एक भाग लोकांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाला. उरलेला भागही जाणार होता, पण १८८३ मध्ये वृद्ध लेखक व्हिक्टर ह्यूगो यांनी नगरपरिषदेला पत्र लिहिले आणि तो वाचला. आज तेथे मुले चेंडू खेळतात आणि आसपासचे म्हातारे पायऱ्यांवर ऊन खात बसतात. ह्यूगो रोमन नव्हते. त्यांचे ते शहर होते, एवढे कारण त्यांना पुरले.

पवनीलाही अशा माणसांची गरज आहे. गाव वाढत आहे, ते वाढलेच पाहिजे. पण तटाची माती घरबांधणीसाठी नेली, टेकडीच्या विटा चुलीला लावल्या, तर दोन हजार वर्षांचे पुस्तक पानापानाने फाटत जाईल. पवनीच्या उत्तरेला वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि पुढे त्याच्या पाण्याखाली अनेक गावे गेली. शेतीला पाणी हवे, यात वाद नाही. परंतु ज्यांची गावे गेली त्यांना विचारा, जुन्या वस्तीची खूण हरवली की माणसाला काय वाटते.

आणखी एक धोका सांगतो. आपला भंडारा पितळ-तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. शेत नांगरताना तांब्याचे जुने पत्रे निघाले तर मोडीत घालण्याचा मोह सहज होतो. त्या पत्र्यावर कदाचित एखाद्या राजाचे दान कोरलेले असेल. भट्टीत गेलेला ताम्रपट पुन्हा वाचता येत नाही. अशी वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने आवश्यक आहे, आणि कायद्यापेक्षाही ते आपले कर्तव्य आहे.

म्हणून संस्थेच्या चालकांना आणि पालकांना माझी नम्र विनंती आहे. सहली दूरच्या शहरांत जरूर न्याव्यात, पण वर्षातून एक दिवस पवनीसाठी ठेवावा. मुलांना टेकडीवर उभे करावे, तट दाखवावा, नागपूरला गेल्यास अजबबंगल्यातला छायास्तंभ दाखवावा. प्रत्येक शाळेत एका भिंतीवर जिल्ह्याच्या जुन्या स्थळांचा नकाशा लावावा. याला फार पैसा लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्या वर्गाला पवनीला घेऊन गेलो. सुलेमान टेकडीचे नाव ऐकून मुलांची कळी खुलली. जगन्नाथ टेकडीवर मी त्यांना विसमितेची गोष्ट सांगितली. सारे शांत होते. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, तिने सगळ्यांसाठी मागितलं, म्हणजे आपल्यासाठीपण?"

मी म्हणालो, "हो बेटा, आपल्यासाठीपण." परत निघताना त्याने वाटेत पडलेला विटेचा एक तुकडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि होता तेथेच ठेवून दिला.