दोन ग्रंथ आणि एक आग

वाचकहो, श्रद्धा आणि बुद्धी यांचे कधी पटत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. इतिहास काय सांगतो ते पाहा.

इमाम गझाली यांनी १०९५ मध्ये ‘तहाफुत अल-फलासिफा’ लिहून पूर्ण केला. जग अनादि आहे काय, अल्लाहला बारीकसारीक गोष्टींचे ज्ञान कसे असते, मेलेले सदेह उठतील काय, या तीन प्रश्नांवर त्यांनी तत्त्वज्ञांवर कुफ्रचा ठपका ठेवला. पण ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो, असेही त्यांनी त्यातच बजावले.

कुर्तुब्याचे काझी इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी त्यांना उत्तर दिले. सृष्टीचा विचार करा, असे कुरआन शरीफच सांगते. म्हणून बुद्धीने सिद्ध झालेली गोष्ट आणि आयतीचा शब्दार्थ जुळत नसेल, तर तावील करावी, म्हणजे लाक्षणिक अर्थ घ्यावा. मात्र अरबी भाषेचे नियम पाळून आणि जाणकारांनीच. जेथे विद्वानांचे एकमत नाही, तेथे कुणाला काफिर ठरवता येत नाही.

११९५ मध्ये इब्न रुश्द हद्दपार झाले, त्यांचे ग्रंथ जाळले गेले. तरी हिब्रू व लॅटिन भाषांतरांतून ते युरोपच्या विद्यापीठांत पोचले.

पालकहो, मुलाने धर्माविषयी अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. विद्यार्थी मित्रांनो, गझालींनी तत्त्वज्ञान खोडण्याआधी ते मुळापासून अभ्यासले होते, हे ध्यानात ठेवा. ग्रंथाला उत्तर ग्रंथानेच द्यायचे असते.