मोत्यांच्या ओळीआतला फोटो

‘तसबीर’ म्हणताना आपण चित्र आणि चौकट वेगळी करत नाही. भिंतीवरून उतरवतो ती तसबीर, पुसतो तीही तसबीर. सेंट पीटर्सबर्गच्या कार्ल फाबर्जेच्या पेढीतून निघालेल्या चौकटींबाबत मात्र ती वेगळी करावी लागतात, कारण काळानेच ती वेगळी केली.

फाबर्जे म्हटले की झारची ईस्टरची रत्नजडित अंडी आठवतात. अंडी वर्षाला एक-दोन होत. टेबलावरच्या फोटोंच्या चौकटी हे पेढीचे रोजचे काम. 1872 मध्ये त्याने वडिलांचा व्यवसाय हाती घेतला, 1885 मध्ये तो दरबारचा जवाहिऱ्या झाला. तोवर फोटो स्वस्त होत चालला होता. 1888 मध्ये कोडॅकचा हातातला कॅमेरा आला. पुढे झारचे कुटुंबच हौसेने फोटो काढून अल्बमांत चिकटवू लागले. अशा कागदाच्या तुकड्याला राणीच्या टेबलावर बसायचे तर पोशाख हवा. या चौकटींचे मूळ मला तिथे दिसते.

पोशाखही साधा नव्हे. चांदीच्या किंवा सोन्याच्या पत्र्यावर यंत्राने लाटांच्या, किरणांच्या बारीक रेघा कोरायच्या. त्यावर पारदर्शक मिन्याचा थर, मग सातशे-आठशे अंशांची भट्टी, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. शेवटी घोटून चकाकी. एखादा थर तडकला की सगळी मेहनत वाया. साधल्यावर मात्र खालच्या रेघा रंगातून हलताना दिसतात. कोरलेले सोने रंगाआडून चमकू द्यायची ही युक्ती जयपूरच्या मिनाकाराला शिकवावी लागली नसती. फोटोभोवती बारीक मोत्यांची ओळ, कधी हिऱ्यांच्या चिपा. पाठीला हस्तिदंत किंवा लाकूड. हा कारखाना 1903 पर्यंत सांभाळणारा मिखाईल पेर्खिन शेतकऱ्याच्या घरातून आला होता. चौकटींवर शिक्का त्याच्यासारख्या कारागिरांचाच असे.

मार्च 1917 मध्ये झारचे कुटुंब नजरकैदेत गेले. जुलै 1918 मध्ये येकातेरिनबुर्गच्या एका घराच्या तळघरात ते मारले गेले. त्याच वर्षी पेढी सरकारजमा झाली आणि फाबर्जे देश सोडून पळाला. 1920 मध्ये तो लोझानला वारला. नव्या सरकारला परकीय चलन हवे होते, म्हणून राजवाड्यांतल्या वस्तू बाहेर विकल्या गेल्या. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत त्या मांडलेल्या असत. व्हर्जिनियातल्या लिलियन थॉमस प्रॅट यांनी त्या चक्क हप्त्यांनी विकत घेतल्या, अगदी शिलाई मशीन घ्यावी तशा. त्यांचा संग्रह आज रिचमंडच्या संग्रहालयात आहे.

या प्रवासात कागद टिकला नाही, किंवा कोणी तो टिकवला नाही. लिलावात येणाऱ्या अनेक चौकटींत आज नंतर बसवलेला फोटो असतो. शिक्क्यावरून कारागीर कळतो. आत आधी कोण होते ते कळत नाही. झारचा फोटो असला की भाव चढतो, त्यामुळे आतल्या चेहऱ्यावर विश्वास ठेवताना जरा जपूनच असावे.

1898 च्या ‘लिली ऑफ द व्हॅली’ अंड्यात मात्र अशी अदलाबदल झालेली नाही. त्यातली चित्रे हस्तिदंतावर रंगवलेली, चौकटी हिऱ्यांच्या. कडेचा मोती फिरवला की तीन चौकटी वर येतात: निकोलस, ओल्गा, तातियाना. मारिया, अनास्तासिया आणि अलेक्सेई यांचा जन्म तेव्हा व्हायचा होता.