मल ऑफ किंटायर येथील विमान-अपघात : दोषनिर्णयाची प्रमाण-चिकित्सा

मृत मनुष्यावर दोष ठेवणें सोपें असतें. कारण तो उत्तर देत नाहीं. जुनीं दप्तरें चाळणारांस हें नवीन नाहीं. रणांत पडलेल्या सरदाराच्या माथीं पराभव मारणाऱ्या बखरी आपण वाचल्या आहेत, व अस्सल पत्रें हातीं येतांच त्यांतील किती विधानें टिकतात तेंही पाहिलें आहे. अलीकडच्या काळांतील एका परदेशी प्रकरणांत हाच प्रश्न कसा उपस्थित झाला, तें येथें थोडक्यांत मांडतों.

ता. २ जून १९९४ रोजीं ब्रिटिश हवाई दलाचें 'चिनूक' जातीचें झेडडी ५७६ हें हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडांतील अल्डरग्रोव्ह येथून स्कॉटलंडांतील फोर्ट जॉर्जकडे निघालें. सायंकाळीं सहाच्या सुमारास मल ऑफ किंटायर या भूशिराच्या धुक्यानें झांकलेल्या उतारावर तें आदळलें. त्यांत २५ प्रवासी व ४ कर्मचारी होते. एकही वांचला नाहीं. प्रवासी हे पोलीस, लष्कर व गुप्तवार्ता-खातें यांतील जाणते अधिकारी होते. फ्लाइट लेफ्टनंट जोनाथन टॅपर व रिचर्ड कुक हे वैमानिक होत. उड्डाणाची नोंद ठेवणारें किंवा संभाषण टिपणारें यंत्र विमानांत नव्हतें. म्हणजे साक्षीदार मृत आणि मूळ दप्तरच नाहीं, अशी ही स्थिति.

हवाई दलाच्या चौकशी-मंडळानें चढाईचा वेग अयोग्य निवडला गेला असावा, हें सर्वांत संभाव्य कारण मानलें. परंतु वैमानिकांस निष्काळजी ठरविलें नाहीं. तथापि त्या अहवालाचें परीक्षण करणारे वरिष्ठ अधिकारी, सर विल्यम रॅटन व जॉन डे, यांनीं १९९५ मध्यें दोघांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला.

त्यांचा पक्ष अगदींच निराधार नव्हता. अवशेषांत आघातापूर्वींच्या यांत्रिक बिघाडाचा निश्चित पुरावा सांपडला नाहीं. शिवाय मार्गदर्शक यंत्राच्या स्मृतींतून असें दिसलें कीं, भूशिराजवळ येतांच वैमानिकांनीं पुढील मार्गबिंदु निवडला होता. त्या वेळीं विमान त्यांच्या ताब्यांत होतें, असें अनुमान त्यावरून काढण्यांत आलें.

परंतु येथें दोन आक्षेप येतात. पहिला नियमाचा. मृत वैमानिकास निष्काळजी ठरविण्यास यत्किंचितही संशय उरतां कामा नये, असा हवाई दलाचाच तत्कालीन नियम होता. दुसरा तर्कशास्त्राचा. न्यायशास्त्रांत 'शेषवत्' अनुमानाचा एक अर्थ परिशेष असा करितात : इतर सर्व पर्याय खोडल्यावर जो उरतो तो खरा. पण पर्याय खोडले जाणें ही येथें पूर्वअट आहे. 'बिघाड आढळला नाहीं' म्हणजे 'बिघाड नव्हता' असें होत नाहीं. आघातापूर्वीं सर्व यंत्रणा ठीक होती, हें अवशेषांवरून ठामपणें सिद्ध करतां आलें नव्हतें. शिवाय एंजिनांचें नियंत्रण करणारी नवी संगणक-प्रणाली शंकास्पद मानली जात होती, व अपघाताच्या सुमारासच बॉस्कोम डाउन येथील परीक्षण-केंद्रानें या नव्या रूपांतील चिनूकचीं चांचणी-उड्डाणें थांबविलीं होतीं. अर्थात् परिशेष अपुरा राहिला, व संशय उरला.

पुढील निर्णय याच दिशेनें गेले. १९९६ मध्यें स्कॉटलंडांतील न्यायिक चौकशींत शेरिफ सर स्टीफन यंग यांस कारण निश्चित करतां आलें नाहीं. २००२ मध्यें लॉर्ड सभेच्या समितीनें हा ठपका समर्थनीय नसल्याचें एकमतानें सांगितलें, तरी सरकारनें तें मानलें नाहीं. अखेर लॉर्ड फिलिप यांच्या पुनरावलोकनानंतर जुलै १९११ नव्हे, तर जुलै २०११ मध्यें, म्हणजे दोषारोपानंतर तब्बल सोळा वर्षांनीं, तो ठपका रद्द झाला व संरक्षणमंत्री लियम फॉक्स यांनीं कुटुंबीयांची क्षमा मागितली.

यांत एक भेद लक्ष्यांत ठेवावा. वैमानिकांची चूक झालीच नाहीं, असें सिद्ध झालेलें नाहीं. ती झाली, असें सिद्ध झालेलें नाहीं, इतकेंच. अपघाताचें कारण अज्ञातच राहिलें. ज्या ठिकाणीं कागद गप्प आहे तेथें संशोधकानेंही गप्प राहावें, हें आपण ग्रंथ-संपादनांत पाळतों. येथें तो नियम मोडल्यामुळें दोन कुटुंबांनीं सोळा वर्षें कलंक वाहिला.