स्पीडगनचं कूळ

भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून एक हातमोजा, दोन चेंडू आणि मोबाइलएवढं काळं यंत्र निघालं. माझ्या आईने यंत्राकडे बघून विचारलं, "हे पोलिसांचं ना रे?" घोडबंदर रोडवर उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात तिने तसंच काहीतरी पाहिलं होतं. पोलिसांची वस्तू घरात आली म्हणजे पाठोपाठ पोलिसही येणार, असा तिचा चेहरा. "आजी, बॉलसाठी आहे," म्हणत भाचा गॅलरीत गेला आणि खोपटच्या स्टँडकडे वळणाऱ्या एसटीवर त्याने यंत्र रोखलं. आकडा आला 11. आमची एसटी कितीही दमलेली असली तरी इतकी नाही, म्हणून मी वाकून पाहिलं, तर आकडा मैलांतला होता.

पोरगा न्यू जर्सीत शाळेच्या संघातून बेसबॉल खेळतो, सेंटर फील्डला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर लाँग ऑफपासून लाँग ऑनपर्यंतची सगळी मागची बाजू तिघांनी वाटून घ्यायची आणि त्यातल्या मधल्याने सर्वांत जास्त पळायचं. या तिघांना आउटफिल्डर म्हणतात. आता त्याचं अकरावीचं वर्ष, म्हणजे कॉलेजांचे कोच आणि व्यावसायिक संघांचे स्काउट बघायला येण्याचं वर्ष. स्काउट म्हणजे पोरं हेरणारा माणूस. त्याच्या वहीत पाच रकाने असतात: फटका लागतो का, लांब जातो का, पोरगा पळतो किती, चेंडू अडवतो-झेलतो कसा आणि हात कसा आहे. हात म्हणजे आपला थ्रो. प्रत्येक रकान्यात 20 ते 80 मधला आकडा, 50 म्हणजे बरा. पळणं मोजायला 60 यार्डांची, म्हणजे सुमारे 55 मीटरची धाव आणि स्टॉपवॉच. आणि हात मोजायला हे काळं यंत्र.

आईची शंका मात्र खरी होती. यंत्राचं कूळ पोलिसांचंच आहे. त्याही आधीचं बघायचं तर आगगाडीचं.

ठाणे स्टेशनात न थांबणारी एखादी मेल भोंगा वाजवत जाते तेव्हा ती समोरून निघून जाताच भोंग्याचा सूर एकदम उतरतो. ड्रायव्हरने सूर बदललेला नसतो. गाडी जवळ येत असताना आवाजाच्या लाटा दाटीने येतात, लांब जाताना विरळ होतात. ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे 1842 मध्ये प्रागला मांडलं, तेही जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल बोलताना. बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाला ते पटेना, म्हणून त्याने 1845 मध्ये उट्रेख्टजवळच्या रुळांवर प्रयोग लावला. इंजिनाला जोडलेल्या उघड्या डब्यात तुताऱ्या वाजवणारे बसवले आणि कानाचे पक्के वादक रुळांकडेला उभे केले. पहिला प्रयत्न हिवाळ्यात वाया गेला, जूनमध्ये जमला. गाडी पुढे सरकली की सूर उतरतो, हे वादकांच्या कानांनी सिद्ध केलं. मला या प्रयोगाचं फार कौतुक आहे. यंत्र नव्हतं, म्हणून माणसाचा कान हेच यंत्र.

पुढे आठ वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून 400 पाहुण्यांना घेऊन पहिली गाडी ठाण्याला आली. आमच्या गावाला तो सूर काही ऐकू आला नसणार. गाडी इथे थांबणारच होती. सूर उतरताना ऐकायचा तर वाटेत कुठेतरी रुळांकडेला उभं राहायला हवं होतं.

आवाजाच्या जागी रेडिओ लहरी घेतल्या की तोच खेळ कानाला न कळता होतो. यंत्र सेकंदाला 24 अब्ज कंपनांची लहर सोडतं. ती चेंडूवर आपटून परतते, तेव्हा कंपनं थोडी वाढलेली असतात. ताशी 135 किलोमीटरने अंगावर येणाऱ्या चेंडूसाठी ही वाढ जेमतेम 6 हजारांची. 24 अब्जांतले 6 हजार वेचून काढायचे आणि त्यांचा वेग करून दाखवायचा, एवढंच त्या काळ्या डबीचं काम.

डबी हा शब्द उगाच नाही आला. पहिलं यंत्र खरोखर डब्यांतून निघालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कॅटलिना या विमानाची चाकं उतरताना मोडत होती. विमान जमिनीला किती वेगाने टेकतं हे मोजण्यासाठी ग्रुमन कंपनीने कनेक्टिकटमधल्या नॉरवॉकच्या ऑटोमॅटिक सिग्नल कंपनीला विचारलं. जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक या तिथल्या दोघांनी कॉफीचे रिकामे डबे डाख देऊन बंद केले, त्यांतून रडार उभं केलं आणि धावपट्टीच्या टोकाला आभाळाकडे तोंड करून ठेवलं. युद्ध संपल्यावर त्यांनी तेच आडवं केलं आणि रस्त्यावरच्या मोटारींवर रोखलं. 1947 मध्ये कनेक्टिकटच्या पोलिसांनी ग्लॅस्टनबरी गावात ते लावलं, आधी नुसती वाहतूक मोजायला आणि समज द्यायला. दंडाच्या पावत्या फाडायला सुरुवात झाली 1949 मध्ये.

चेंडूचा वेग मोजायची हौस याहून जुनी. 1912 मध्ये वॉल्टर जॉन्सन या गोलंदाजाला बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या चाचणीघरात नेऊन चेंडू फेकायला लावलं होतं. 1940 मध्ये बॉब फेलरच्या चेंडूची थेट मोटारसायकलशी शर्यत लावली. तमाशा म्हणून झकास, पण रोजच्या सरावाला कोण मोटारसायकल आणणार?

ते कोडं सोडवलं एका आउटफिल्डरने. डॅनी लिटव्हायलर हा फिलाडेल्फियाचा खेळाडू 1942 च्या हंगामात 151 सामने खेळला, 317 वेळा चेंडू त्याच्या वाट्याला आला आणि त्याच्याकडून एकही चूक झाली नाही. दीडशेवर सामन्यांचा हंगाम असा निखळ पार पाडणारा मेजर लीगमधला, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवरचा, तो पहिला. पुढे तो मिशिगन स्टेट विद्यापीठाचा कोच झाला. माणूस खटपट्या, ओलं मैदान सुकवायची पूडही त्याचीच. 1974 मध्ये विद्यापीठाच्या पोलिसांनी रडार गन घेतल्याचं त्याने विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात वाचलं आणि पोलिसांना विचारलं, यात चेंडूचा वेग दिसेल का? यंत्राला वीज मिळायची ती मोटारीच्या सिगारेट लायटरच्या खोबणीतून, त्यामुळे गाडीही मैदानावर आली. एका पोराने चेंडू टाकला, आकडा उमटला.

पोलिसी यंत्र मोटारींसाठी होतं, चेंडू त्याला चिमुकला. लिटव्हायलरने गोलंदाजीची यंत्रं बनवणाऱ्या जग्ज कंपनीच्या जॉन पॉलसनला गाठलं आणि वर्षभरात चेंडूसाठीची गन तयार झाली. शिकवणाऱ्या माणसाला ती दोन कामांना येते. वेगवान चेंडू आणि फसवा संथ चेंडू यांत फरक पुरेसा आहे का ते दिसतं आणि दमलेला हात वेळेवर ओळखता येतो. पण गन जन्मली शिकवण्यासाठी आणि नांदायला गेली निवड करणाऱ्यांकडे. काही वर्षांत बेसबॉलच्या मैदानांवर फलंदाजामागच्या जाळीपलीकडे स्काउटांची रांग आणि प्रत्येकाच्या हातात गन, असं दृश्य दिसू लागलं.

गंमत म्हणजे सुरुवातीला सगळ्या गन एक बोलत नसत. जग्जची गन चेंडू हातातून सुटल्या सुटल्या मोजायची, दुसऱ्या एका कंपनीची तो फलंदाजाजवळ पोचताना. हवेच्या विरोधाने चेंडू वाटेत मंदावतोच, त्यामुळे एकाच चेंडूच्या दोन आकड्यांत चार-चार मैलांचा फरक पडायचा. स्काउट एकीला फास्ट गन म्हणत, दुसरीला स्लो. आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या गनवर?

आम्हा दोघांना हा धडा सेंट्रल मैदानावर मिळाला. सकाळी सात वाजता तिथे टेनिस बॉलवाल्यांचे तीन-चार सामने एकमेकांत घुसलेले असतात, त्यांच्या कडेने आम्ही एक स्टंप रोवला. भाच्याने साठेक मीटरवरून धावत येऊन, एक उडी घेऊन चेंडू सोडला. खांद्याच्या वरून, सपाट. एक टप्पा, आणि चेंडू स्टंपच्या वीतभर बाजूने गेला. शेजारचा सामना थांबला. मी लांब बाजूला, पिंपळाच्या सावलीत गन धरून उभा होतो. आकडा 76. पुन्हा फेक, 75. पुन्हा, 76. पोराचा चेहरा पडला. घरी 84 येत होते म्हणे आणि त्याला हवे होते 88. जेट लॅग, पाणीपुरी, ठाण्याची हवा, सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी तो म्हणाला, "मामा, तू उभा कुठे आहेस?"

गन फक्त आपल्या रोखाने येणारा किंवा जाणारा वेग मोजते. चेंडूची वाट आणि गनची नजर यांत 25 अंशांचा कोन पडला की आकडा साधारण नऊ टक्क्यांनी घटतो. 84 चे 76 असेच होतात. मी ऊन टाळायला उभा राहिलो होतो, पोरगा कॉलेज गमावायच्या बेतात होता. ऊन सोसून त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत गेलो. आकडा 84. मग टेनिस बॉलवाल्या पोरांनी गनसमोर रांग लावली आणि त्या दिवशी कुठलाच सामना पुरा झाला नाही.

तिकडे या आकड्याला पैशाची किंमत आहे. अमेरिकेतल्या पहिल्या दर्जाच्या कॉलेजांना 2025 पर्यंत बेसबॉलसाठी फक्त 11.7 शिष्यवृत्त्या द्यायची मुभा होती आणि त्या पस्तीसेक पोरांत वाटल्या जायच्या. कोणाला चतुर्थांश, कोणाला काहीच नाही. आता ती अट जाऊन, नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांना 34 खेळाडूंची मर्यादा आली आहे. पैसा वाढेल, जागा नाही. म्हणजे आकड्यांची ओढाताण तशीच.

आपल्याकडेही ही गन एकदा गावोगाव फिरली. 2008 मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या कार्यक्रमात चेंडू कोण सर्वांत जोरात आणि नेमका फेकतो ते शोधलं. क्रिकेटचा देश म्हणून क्रिकेटवाले जिंकतील असा अंदाज होता. निवडले गेले उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. रिंकूचा चेंडू ताशी 87 मैल, म्हणजे 140 किलोमीटर. (हा रिंकू क्रिकेटमधला नव्हे.) त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांना करारावर घेतलं. दोघांनी त्या कार्यक्रमाआधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. हे गनचं यशच, मी नाकारत नाही. मेजर लीगपर्यंत मात्र दोघेही पोचले नाहीत.

उलट लिटव्हायलरच्या हाताखाली कर्क गिब्सन नावाचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू एकच हंगाम बेसबॉल खेळला आणि 1978 मध्ये डेट्रॉइट टायगर्सने त्याला निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलला. तोही आउटफिल्डर. पळणं आणि ताकद डोळ्यांना दिसत होती, बाकीचं शिकवता येईल यावर पैज लावली. फटका बसायच्या आवाजावर पहिलं पाऊल कुठे टाकायचं, हे मोजणारं यंत्र तेव्हा कोणाकडे नव्हतं. आपल्या एकनाथ सोलकरांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले, त्यातले कितीतरी फलंदाजाच्या पुढ्यात उभं राहून. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा तो मुलगा कुठल्या गनवर किती भरला असता? मुंबईच्या मैदानांवर त्यांना हेरलं ते नुसत्या डोळ्यांनी.

भाचा परत गेला. गन त्याने माझ्याकडे ठेवली, नवी घेईन म्हणाला. आई अजूनही ती कपाटात आतल्या बाजूला ठेवायला लावते. तुमच्याही घरात अशी गन येणार असेल तर एकच सांगतो. सावली बघू नका, फेकणाऱ्याच्या मागे चेंडूच्या रेषेत उभे राहा आणि आकडा मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, ते पोराला सांगायच्या आधी बघून घ्या.